बारा सेकंद

माझा बाप त्या सिनेमात तीनदा मरतो.
एकदा कड्यावरून, एकदा छातीत गोळी लागून,
आणि एकदा नुसताच, गर्दीत,
कारण कुणीतरी मरायला हवं होतं
आणि बाकीचे जेवायला गेले होते.
प्रत्येक वेळी डोक्यावर वेगळी पिसं.
आमच्याच खुराड्यातली.

सन त्रेपन्न. हनापेपेचा ऊसमळा.
सिनेमावाले कंपनीच्या दीडपट रोज देत,
मरण्याचे वर वेगळे.
एउलोगियो दुमलाओ, मुक्काम कॅम्प नंबर चार,
म्हणाला, उसात फुकट मरतोच आहे.

मेकअपवाल्याकडे एक बरणी होती.
झाकणावर चिठ्ठी: बेटवासी, मध्यम.
त्याच बरणीत बोटं बुडवून
राजकन्या रंगवली, ती गोरी म्हणून,
आणि माझा बाप रंगवला,
तो पुरेसा काळा नाही म्हणून.
वीस वर्षं उन्हात करपलेला माणूस
आरशात बघून म्हणाला,
एवढ्यासाठी ऊन वाया गेलं.

भाषा कुठली बोलू?
तुमचीच, दिग्दर्शक म्हणाला.
आमची म्हणजे कुणाची, ते त्याने विचारलं नाही.
रांगेत अकरा इलोकानो,
ओकिनावाचा तोकुइची,
पोर्तुगीज मुकादमाचा धाकटा,
आणि ज्यांचं मुळात बेट, ते दोघं
पार मागे, पाण्यात, होडी धरून.

प्लास्टरच्या देवापुढे हात उंचावून
बाप गरजला:
तोकुइची, माझे दोन डॉलर कधी देतोस?
तोकुइची मातीत कपाळ आपटून ओरडला:
पगार होऊ दे बाबा, कोंबड्यावर हरलो!
नायकाने कान टवकारले.
"देव कोपलाय म्हणतात. राजकन्येचा बळी हवा."
नायकाला सगळ्या भाषा येत.

राजकन्येचा रंग पाण्यात टिकेना.
झऱ्यात हात घातला की
मनगटापासून खाली कॅन्सस दिसू लागे.
मग हात हवे होते. नुसते हात.
आई भात निवडत होती, तिला तशीच उचलून नेली.
पाण्यातला शिंपला वर काढायचा,
नायकाच्या तळव्यावर ठेवायचा,
झालं. बारा सेकंद.
डाव्या अंगठ्यावर ऊसकोयत्याची जुनी खूण,
तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.
पुढच्या दृश्यात राजकन्या केस सारते
तर अंगठा कोरा.

कॅम्पच्या हॉलमध्ये सिनेमा आला.
बळीच्या दृश्याला एवढा हशा पिकला
की मशीनवाल्याने घाबरून दिवे लावले.
तोकुइचीच्या बायकोला ते कर्ज
तिथंच पहिल्यांदा कळलं.
दोघं भांडत घरी गेली, पुढचं त्यांनी पाहिलं नाही.

मग झरा आला.
बाकांवरची सालं सोलणारी बोटं थांबली.
मागून कुणी बाई हळूच म्हणाली,
"फेलिसिदाद."
आईने दोन्ही हात पदरासारखे
झग्याच्या घडीत लपवले.

आता मी ऐंशी पार केली.
कधी रात्री उशिरा टीव्हीवर लागतो,
रंग विटलेत, आकाशसुद्धा 'बेटवासी, मध्यम' झालंय.
मी आवाज बंद ठेवते.
बाप पडतो, उठतो, पिसं बदलून पुन्हा पडतो.
पणतू विचारतो,
यातले आपण कोणते?
कड्यावरचे की होडीतले?
मी त्याच्या हातातला रिमोट काढून घेते.
थांब जरा, म्हणते.
आत्ता एक अंगठा येईल.