मॉड्यूल तिसरं

दुपारी दोनला लिंक उघडते.
चोपड्यात, ऑफिसच्या पत्र्याखाली त्रेचाळीस अंश,
कूलर फक्त आवाज देतो.
प्राचार्य म्हणाले, बडगुजरबाई, हा कोर्स तुम्हीच करा,
बाकीच्यांना नॅकचं काम आहे.
म्हणून मी करतेय
'विद्यार्थी सहाय्य : कर्मचाऱ्यांची क्षमतावृद्धी',
पाच दिवस, आठ मॉड्यूल, शेवटी प्रमाणपत्र.

बावीस वर्षं या खिडकीत बसते मी.
बोनाफाईड, बसचा पास, शिष्यवृत्ती,
झेरॉक्स दोन प्रती, फोटो चिकटवा, पिन मारू नका.
खिडकीतून पोरं कधी पूर्ण दिसत नाहीत.
कपाळ ते हनुवटी,
आणि फॉर्म धरलेली बोटं.
बोटांवरून ओळखते मी.
केळीच्या चिकाचे काळे डाग असले
की हा सकाळी घड कापून आलाय.

स्क्रीनवर पुण्याच्या मॅडम,
त्यांच्यामागे खोटी लायब्ररी.
मान हलवली की कानाजवळची पुस्तकं वितळतात.
"आज आपण शिकणार आहोत सक्रिय श्रवण."
खाली चौकोनच चौकोन, कॅमेरे बंद,
रावेर, धरणगाव, साक्री, तळोदा.
कुणाचा तरी माईक चालू राहिलाय :
"भो, म्हैसले पानी पाजी दे पहिले."
मॅडम थांबतात. पुढे जातात.

तेवढ्यात खिडकीत रमिला पावरा.
एस. वाय., कला, वैजापूरच्याही वरचा पाडा.
"दाखला पाहिजे."
कोणता गं?
"कॉलेज सोडल्याचा."
अर्जावर 'कारण' पुढची रेघ मोकळी.

मी हेडफोनचा एक कान काढते.
डाव्या कानात मॅडम : "'का'ने प्रश्न सुरू करू नका."
उजव्या कानात काहीच नाही.
डाव्या कानात : "शांतता सहन करायला शिका."
मॅडम, शांततेचं मला नका सांगू,
घरी गेल्यावर कुलूप मीच उघडते.

आणि लाईट गेली.
मॅडमचं तोंड उघडंच राहिलं, चौकोनात.

टेबलावर परीक्षेचे फॉर्म पडले होते, दोनशे चाळीस.
म्हटलं, रमिला, आत ये. दार तिकडून आहे.
नियमात बसत नाही हे.
तिच्या हातात शिक्का दिला, पॅड पुढे सरकवलं.
उजव्या कोपऱ्यात मार. घाई नको.

ठप्प.
ठप्प.
मी नोंदवहीत आकडे लिहीत होते, वर पाहिलंच नाही.
सत्तरेक फॉर्म झाले असतील
तेव्हा ती बोलायला लागली,
एका शिक्क्याच्या आणि दुसऱ्या शिक्क्याच्या मधल्या जागेत.
काय बोलली ते इथे लिहिणार नाही.
कोर्समध्ये त्याला गोपनीयता म्हणतात,
आमच्याकडे पोटात ठेवणं.
एक शिक्का तिनं उलटा मारला.
तसाच जाऊ दिला मी विद्यापीठात.

चारला लाईट आली. प्रश्नमंजूषा उघडी होती.
विद्यार्थी बोलत नसेल तर तुम्ही
अ) समुपदेशकाकडे पाठवाल
ब) पालकांना कळवाल
क) मुक्त प्रश्न विचाराल
ड) वरील सर्व.
मी खाली सरकवून पाहिलं,
आणखी एखादा पर्याय राहिला असेल म्हणून.
मग 'ड' दाबलं.
हिरवं झालं. बरोबर.

प्रमाणपत्र आलं, त्यावर 'श्री. वत्सला बडगुजर'.
प्राचार्य म्हणाले, फाईलला लावा.
लावलं.
अर्ज ड्रॉवरमध्येच आहे.
तिनं परत मागितला नाही, मी फाडला नाही,
कारणाच्या रेघेवर जांभळ्या शाईचा
अर्धा अंगठा उमटलाय, कधी ते कळलं नाही.

शुक्रवारी ती सरळ दारातून आली.
"शिक्के मारायचे आहेत?"
संपले गं.
"मग काय आहे?"
मी टेबलभर नजर फिरवली.
म्हटलं, पंचिंग आहे.