झाकण

नाव मी आधी वाचत नाही.
डबीवर असतं ते, वय असतं, वॉर्ड असतो,
पण बावीस वर्षं झाली मेडिकलच्या या खोलीत,
आधी आतलं बघते, मग माणूस.

सलाईनचा थेंब. काडीच्या टोकावर मावेल तेवढंच.
वर काचेची पापडी, खाली हवा राहणार नाही अशी.
लहान भिंगाखाली रोजचंच:
भाताचे कण, मिरचीच्या सालीची लाल खिडकी.
नागपूर आहे, मिरची असायचीच.

मोठं भिंग फिरवलं
आणि कोपऱ्यात ते होतं.
तिळाची पूड केली तर त्यातला एखादा कण,
चहाच्या रंगाचं, गुळगुळीत,
आणि एका टोकाला झाकण.
खरंच झाकण. रांजणावर परळ बसवावा तसं.

किंमतकर मॅडमनी डोळा लावला, काढला.
"परागकण असेल हो. पुढचं घ्या."
त्यांची ओपीडी जिन्यापर्यंत आलेली.
मी पुढचं घेतलं नाही.

कपाटातलं पुस्तक, पाठीला चिकटपट्टी.
त्यात बाणांचं रिंगण:
अंडं पाण्यात, तिथून गोगलगायीत.
गोगलगायीतून बाहेर पडताना शेपटी आलेली.
मासा भेटला की खवल्याखाली घुसायचं,
शेपटी दाराशीच टाकून द्यायची,
मांसात गोल होऊन वाट पाहायची
बगळ्याची, कुत्र्याची, कुणाच्याही भुकेची.
शेवटचा बाण माणसाकडे.
माणूस उभा, हात सुटे,
आतडी तेवढी नीट रंगवलेली.
चेहरा नाही.

मग डबी फिरवली.
झिंगर मारबते. वय एकाहत्तर.

हे आडनाव मी लपवलं असं नाही.
लग्नानंतर कुणी विचारलं नाही
आणि मीही दार लोटून घेतलं.

काका गोरेवाड्याच्या पाळीवर गोवऱ्या पेटवायचा.
बोटरी, खवली, एखादी लहान मरळ,
मीठ-मिरची चोळून सरळ निखाऱ्यावर.
बाहेरून कोळसा, काट्यापाशी गुलाबी.
"पुरी भुंजली त मासोयी दुसऱ्यांदा मरते," म्हणायचा.
मी सात वर्षांची, बोटं चाटत.
दप्तराला वास यायचा. बाकावर शेजारची जागा
चौथीपर्यंत रिकामी होती.

खाटेवर तो अर्धाच उरलेला.
मी सांगितलं: किडा आहे, मोहरीहून लहान,
कच्च्या माशातून आला.
तो हसला, पोट धरून, दुखत होतं तरी.
"म्हंजे मी तलावाले गळ टाकत रायलो
अन् तलावानं मले टाकला."
मग गप्प. मग हळूच, माझा हात ओढून:
"मासोयीचा दोस नोको लिवू वं."

रिपोर्टात माशाचा रकाना नसतोच.
मी लिहिलं: अंडी आढळली.
मॅडमनी दुसऱ्यांदा पाहिलं, या वेळी बसून,
आणि सही केली.
गोळ्या एकाच दिवसाच्या. चार दिवसांत तो
जेवणात मीठ नाही म्हणून भांडायला लागला.

पुस्तक म्हणतं, हा पोटात वर्षभरही टिकत नाही.
तेव्हाचं माझ्यात काही असणं शक्य नाही,
हे मला कुणी शिकवायला नको.

तरी शनिवारी, सगळे गेल्यावर,
मी एक डबी घेतली. नाव लिहिलं, माहेरचं.
सलाईनचा थेंब. काचेची पापडी.
लहान भिंग, मोठं भिंग,
एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत,
शेत नांगरतात तसं, एक तास न सोडता.

भाताचे कण होते. मिरचीची साल होती.

निल, असं लिहिलं.
आणि दिवा घालवायला उठेना मी बराच वेळ.