वाण

लिंडसेच्या रोपवाटिकेत शिरायला दोन दारं आहेत.
पहिलं नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.
मधल्या चार फुटांत पंखा अंगावर वारा फेकतो,
बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे,
आणि इव्हरेट टिडवेल रोज तेच म्हणतो:
खिसे झटक.

आत अकरा हजार रोपं. एकच वाण, नेव्हल संत्र्याचं.
त्यातले निम्मे डोळे मी बांधलेत.
खुंटाची साल चिरायची, डोळा आत सरकवायचा,
श्वास धरून,
झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तसा.

मागच्या उन्हाळ्यात नागअळी शिरली होती.
पानाच्या पोटातून चंदेरी नागमोडी वाट काढत गेली.
मला ती सुंदर वाटली. इव्हरेटला सांगितलं नाही.
नागअळीचं काही नसतं, पान मुडपतं, रोप उठतं.

सिल्याचं तसं नाही.
तिळाएवढा किडा,
पानावर बसतो डोकं खाली, ढुंगण वर,
कुणी काटा टोचून विसरल्यासारखा.
रस पितो, आणि नसांमध्ये काहीतरी ठेवून जातो.
मग एकाच फांदीला पिवळेपण.
फळ वाकडं, देठाशी रंगलेलं, बुडाशी हिरवं, कडू.
फ्लोरिडातून आलेला युसेबिओ सांगतो,
तिकडे झाडं साखळ्या लावून ओढली.
मुळं सुटतानाचा आवाज मात्र
तो तोंडानं काढून दाखवत नाही.

रविवारी कढी टाकली होती.
मागच्या ओट्यावर कढीपत्त्याचं टहाळं तोडायला गेले.
शेंड्याच्या कोवळ्या पानाखाली
मेणाचे पांढरे धागे, वळलेले,
आणि शेजारी तो. ढुंगण वर.

कढीपत्ता लिंबाच्याच गोतातला.
हे मला माहीत होतं.
हे माहीत असण्याचे तर मला पैसे मिळतात.

जानेवारीत हळदीकुंकवाला मी एकवीस रोपं वाटली होती,
तिळगुळाच्या पुडीसोबत, कागदी पेल्यांत.
प्रत्येकीला सांगितलं होतं, ऊन लागतं ह्याला, आणि माया.
वझेबाईंनी तर दोन मागून नेली, एक लेकीसाठी, बेकर्सफील्डला.

गॅसवर कढी फाटली.

काउंटीच्या कचेरीत रविवारी यंत्र बोलतं.
मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला,
मग वाणाची यादी काढली,
कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली,
आणि वाचत गेले:
मृदुला करंदीकर, टुलेरी. शर्वरी घैसास, पोर्टरव्हिल. वझे, वझे.
आठव्या नावाला यंत्र बीप करून बंद झालं.
पुन्हा फोन लावला. उरलेल्या तेरा जणी सांगितल्या.

सोमवारी इव्हरेट पहिल्या दाराशीच होता.
खिसे झटक, म्हणाला.
मी बाहेरच थांबले, कडीला हात न लावता.
जाळीपलीकडे रोपं उभी होती, कमरेला फिती,
एकही पान हलत नव्हतं.

थांब, म्हटलं. आधी ऐक.