उन्हाची वाटणी

एकतीस वर्षं दीपनगरला बॉयलरपुढे काढली.
कोळसा बोलतो, हे मला तिथे कळलं.
ओला असला की कुरकुरतो.
चांगला असला की बोलतच नाही.

निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ.
मी मात्र स्टोअरच्या भारंबेकडून
मोडीत निघालेला एक थर्मामीटर मागून घेतला.
काचेला तडा, पण खोटं बोलत नाही.

वरणगावच्या रस्त्याला प्लॉट होता.
विटा राखेच्या आणल्या, राखाडी, धारदार काठांच्या.
पहिली हातात घेतली आणि उलटून पाहिली,
पाकिटामागे पाठवणाऱ्याचं नाव शोधावं तशी.
हिच्यातली चिमूटभर तरी माझ्या पाळीची असेल.
बहुतेक रात्रपाळीची.

सुका मिस्तरीनं जन्मभर मातीची धाबी घातलेली.
वीट नखानं खरवडून म्हणाला,
"भिंत दुहेरी घे. मधी चार बोटं पोकळ ठेव.
उन्हाले तठीच बसू दे.
पानी बी इचारू नको त्याले."

तसंच केलं.
पश्चिमेला खिडकी ठेवली नाही.
मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, एसीचा पॉइंट तरी काढून ठेवा.
काढला.
आता त्याच्यावर पंचांग टांगलंय.

भांडण झालं ते गच्चीवर.
तौसिफ टेप घेऊन आला, दक्षिणेकडे तोंड करून
सहा पॅनेल मांडायचे म्हणाला,
आणि त्याच वेळी प्रमिला जिना चढून आली,
डोक्यावर ज्वारीच्या घाट्याचं पातेलं, काखेत ओली धोतरं.
बिबड्या घालायच्या होत्या.
पहाटे तीनपासून चूल पेटलेली,
कपाळावर राखेचं बोट उमटलेलं.

मी तिला समजावलं: युनिट, बिल, अनुदान,
पाच वर्षांत पैसे वसूल.
ती ऐकत होती, म्हणजे पातेलं खाली ठेवत होती.
मग म्हणाली,
"तुमची वीज रात्रीपर्यंत टिकते?"
बॅटरी घेतली तर, म्हटलं.
"माझं ऊन डब्यात वर्षभर टिकतं.
तळलं की फुलतंसुद्धा."

तौसिफ टेप गुंडाळत दुसरीकडे बघायला लागला.
एकतीस वर्षं मी वीज केली,
साठवणीचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

चारच पॅनेल बसले.
उरलेल्या जागेत धोतरं पसरली,
चारी कोपऱ्यांवर राखेच्या विटा.
दोन पॅनेलचं नुकसान मुलानं मोबाइलवर काढून पाठवलं.
प्रमिलाचा हिशेब असा:
अकरा डबे. तीन पुण्याला,
एक सुका मिस्तरीला, दात नसले तरी,
एक तौसिफच्या आईला.

मे महिन्यात दुपारी दोनला
मी थर्मामीटर ओसरीवर टांगतो. सेहेचाळीस.
आत आणतो, पारा जिना उतरावा तसा उतरतो,
एकेका पायरीवर थांबत.
पस्तिसावर थांबला की
पोकळीत बसलेल्या पाहुण्याची आठवण येते.
पंखा दोनवर पुरतो.
काही दुपारी पुरत नाही, तेव्हा मी फरशीवर झोपतो
आणि मुलाला सांगत नाही.

गच्चीवरून अजून चिमण्या दिसतात.
धुरावरून कळतं कुठला संच चालू आहे, कुठला रुसला आहे.
दिवसा मी त्यांना थोडं पाठवतो,
सूर्य गेला की तेच मला पाठवतात.
नोंद मीटर ठेवतं,
त्याला आम्ही कुणीच नातेवाईक नाही.

रात्री अकराला ओसरीवरचा दिवा बंद करतो.
तिकडे कुणीतरी या क्षणी
घामाची बाही तोंडावरून फिरवत
काचेतून ज्वाळेचा रंग बघत असेल.
तेवढाच एक दाणा कोळसा कमी टाकेल.

आतून प्रमिला ओरडते,
"लावा तो दिवा,
परवासारखे पायरीवर पडाल."