जुलैचा शेवटचा आठवडा

शेंदुरजना घाटाला, बसस्टँडच्या मागं माझं दुकान.
जुलै सरत आला की प्रश्नांची रांग लागते.
मृग बहर विकला, तो दाखवायचा का जी?
दाखवायचा. कर नाही त्यावर, पण दाखवायचा.
बायकोच्या नावानं एफडी टाकली, व्याज कोणाचं?
पैसा तुमचा, काका. व्याजही तुमच्याच अंगावर.
काहून? तिनं तं पासबुकही नाही पाह्यलं!
म्हणूनच,
म्हणतो मी, अन् पुढचा फॉर्म उघडतो.

प्रमिलाताई डाफे गर्दी ओसरल्यावर आल्या.
पिशवीत गुरुजींचं पॅन, पेन्शनचं पुस्तक
आणि नगरपरिषदेचा दाखला, कोराच वाटावा असा.
"मेलेल्या माणसालेही भरा लागते का?"
भरा लागते, ताई. एप्रिलपासून त्या दिवसापर्यंत.
"आन् त्याच्यानंतरचं?"
त्यानंतरचं तुमचं.

गुरुजींचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही.
नवा काढावा तर ओटीपी त्यांच्याच नंबरवर,
आणि तो आता बंदच असणार, मी बोलायला लागलो,
तोवर पिशवीच्या तळातून बटणांचा फोन निघाला.
पूर्ण चार्ज.
"रिचार्ज मारत राह्यते मी. असंच."

फोन थरथरला.
त्यांनी चष्मा पुसून सहा आकडे वाचले,
मध्ये थांबत, हजेरी घ्यावी तसे.
पाचवीत मी गुरुजींच्याच वर्गात होतो.
प्रत्येक आकड्याला तोंडातून "हजर" निघता निघता राहिलं.

परतावा निघाला सातशे चाळीस रुपये.
"पुढच्या साली कवा येऊ?"
यांचं आता नाही भरायचं, ताई. हे शेवटचं.
हाव, म्हणाल्या,
आणि फोन चालूच ठेवून पिशवीत टाकला.