दुसरा गोली

लिलाव संपला रात्री पावणेदहाला.
खडकी बाजारातल्या हॉलच्या जिन्यावरून
शशी ओव्हाळ दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आला
आणि म्हणाला, "गोली घेतला."
"गोली?"
"दुसरा."

मुत्तूच्या गाडीपाशी आम्ही बारा जण,
चहा हातातच राहिला.
गेल्या सीझनला सोळा मॅचमध्ये आमचे गोल नऊ,
त्यातले दोन समोरच्यांनीच स्वतःवर मारलेले,
आणि कमिटीनं शिलकीच्या चाळीस हजारांतले तीस
बाकावर बसणाऱ्याला दिले.

रॉकी पिल्ले म्हणाला, घरात तांदूळ नाही
आणि ह्यांनी दुसरा कुकर आणला.
जमदाडे म्हणाले, कुकर निदान शिट्टी तरी मारतो.
पोरगं कोण, कुठलं?
हर्षद गराडे, वडगाव मावळ. एकोणीस वर्षं. सहा फूट दोन.
बसायला उंची कशाला लागते, असं कुणीतरी विचारलं.
हसलो सगळे. हसण्यात जरा जास्तच जोर होता.

कारण सायमन उजागरेचं नाव कुणी घेत नव्हतं.
चौदा वर्षं हॅरिस ब्रिज इलेव्हनच्या जाळ्यापुढे
तो एकटा.
मागच्या मार्चमध्ये डावीकडे झेपावला
आणि उठायला त्याला वेळ लागला,
एक हात जमिनीवर टेकवून, म्हाताऱ्यासारखा.
आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं
आणि सगळ्यांनी लाइनमनला शिव्या घातल्या.

मी गप्प होतो.
मी सहा वर्षं बदली होतो, पिंपरीला, कॉम्प्रेसरच्या कारखान्यात.
सकाळी सहा चाळीसला गेटवर,
सायकलच्या हँडलला डबा.
टाइमकीपर बाहेर येऊन नंबर वाचायचा,
ज्याचा नंबर नाही त्यानं मागे फिरायचं.
भरला डबा घरी नेला की बायकोला कळायचं,
म्हणून पवनेच्या काठी बसून
नऊ वाजता दुपारचं जेवण जेवायचो.

नऊ नंबरच्या लेथवर खळदकर होता.
त्याच्या खोकल्याची जेवढी माहिती मला
तेवढी त्याच्या घरच्यांनाही नसेल.
ओला की कोरडा, वाढला की उतरला,
लांबूनच कान देऊन ऐकायचो.
एकदा सलग चार दिवस माझा नंबर लागला.
चौथ्या दिवशी पाव किलो जिलबी घेऊन घरी गेलो.
त्याची आई गेली होती, हे सोमवारी समजलं.
जिलबी संपली होती.

पहिली मॅच रविवारी, दुपारी तीनला.
सायमन जाळ्यापुढे.
पोरगं जाळ्यामागे, बाहेर गेलेले बॉल आणून देत,
उन्हात ग्लोव्हज घालून.
"ए कुकर!" रॉकी ओरडला,
आणि अख्ख्या कठड्यावर ते नाव बसलं.

सत्तराव्या मिनिटाला कॉर्नर आला.
गर्दीत सायमन उडाला, पडला,
गुडघा धरून कुशीवर वळला.
शशी, जमदाडे, सगळ्यांच्या माना तिकडे.
मी पोराचे हात बघत होतो.
त्यानं उजव्या ग्लोव्हचा पट्टा ओढून घट्ट केला.
मग इकडेतिकडे पाहिलं
आणि हळूच
पुन्हा सैल केला.

सायमन उठला.
कठडा नुसता दणाणून गेला.
पोरानंही टाळ्या वाजवल्या,
ग्लोव्हवर ग्लोव्ह,
गादी झटकल्यासारख्या.
"बघा," रॉकी म्हणाला, "तीस हजार मुळेत."

शून्य-शून्य.
लोक पांगले. पोरगं एकटंच जाळं सोडवत होतं,
गाठी दातांनी ओढून.
मी जवळ गेलो. काय बोलावं ते ठरवलं नव्हतं.
विचारलं, डबा आणलाय?
हो म्हणाला.
खाल्लास?
नाही. वाटलं, खेळावं लागलं तर जड नको.

म्हटलं, इथेच बस, खाऊन घे.
भरलेला घरी नेऊ नकोस.