उरलेली पावलं

कोयूनच्या ट्रॉलीत आम्ही अकरा जण,
भाताचं पातेलं, आणि थीदाची गिटार
जी कुणी वाजवणार नव्हतं.
हँडलवर माकारा. रस्ता असा
की उतरल्यावर दात मोजून घ्यावेत.

पा सांगत होते, इथे पूर्वी लाल पाट्या होत्या, कवटीच्या.
आता सगळे सुरुंग काढलेत म्हणतात.
त्या ‘म्हणतात’वर
प्रत्येकाने पाय जरा आत ओढून घेतले.

देऊळ आधी दिसत नाहीच.
आधी दिसतं स्पुंगचं झाड,
वितळून ओघळलेल्या मेणासारखी राखाडी मुळं,
मग कळतं, मुळांनी काहीतरी धरून ठेवलंय
आणि ते काहीतरी म्हणजे दार.
झाड तोडलं तर देऊळ पडेल,
देऊळ काढलं तर झाड.
“आमच्या संसारासारखं,” माकारा म्हणाला.
त्याची बायको सगळ्यांत जास्त हसली.

आत गारवा. वटवाघळांचा वास.
भिंतीवरच्या नर्तकीच्या कमरेवरून
लाल मुंग्यांची रांग चाललेली,
तीही वळणावर वळण घेत.

कुंथिआ, वय सहा, सगळ्यांच्या पुढे.
तिची हाक आली:
“इथे कुणाचे तरी पाय आहेत!”

चौथऱ्यावर दोन दगडी पावलं.
घोट्यापर्यंत. त्याच्या वर काही नाही,
फक्त छताच्या भगदाडातून उतरलेलं ऊन,
माणसाएवढं उंच.

ती वर चढली, आपली पावलं शेजारी ठेवली,
बोटं मोजली. पाच, पाच, पाच, आणि चार.
“बाकीचा कुठे गेला? चालत?”
“चालत गेला असता तर पाय नेले असते,” पा म्हणाले.

“बैलगाडीतून गेला.”

हे सावुतकाका. दारातच थांबलेले,
चपला काढून. लग्नातही चार शब्दांवर
पाचवा न बोलणारा माणूस.
“दोन रात्री लागल्या. करवत बोथट होती.
मी एकोणीस वर्षांचा.
घेणाऱ्याचं नाव आठवत नाही. बैलांची आठवतात.
डावा खमाव, उजवा मीस.
वर गवत टाकून झाकला होता त्याला.
चाक खड्ड्यात गेलं की गवताखाली दगड वाजायचा,
मी मागे वळून म्हणायचो, माफ करा.”

“किती मिळाले?” माकाराने विचारलं
आणि लगेच जीभ चावली.

“दोन पोती तांदूळ.”
मग पांकडे न बघता:
“एक तुझ्या घरी आलं होतं, दादा.”

पा काही बोलले नाहीत.
त्यांचे ओठ मात्र हलले, किंचित,
चाळीस वर्षांपूर्वीच्या घासाची
चव शोधत असल्यासारखे.

जेवण तिथेच झालं. भूक थांबत नाही कुणासाठी.
केळीच्या पानात भात, वर चिमूटभर प्राहोक.
पांनी आपल्यातला अर्धा भात
काकांच्या पानावर ओढला.
काकांनी तो परत सारला.
पांनी पुन्हा ओढला.
तिसऱ्यांदा काका जेवले.

कुंथिआने बाटलीतलं पाणी दगडी बोटांवर ओतलं,
धूळ होती म्हणून.
काकांनी गळ्यातला क्रमा सोडला
आणि पावलं पुसली, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा,
नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोराची पुसावीत तशी.
नऊ बोटांना वेळ लागला.
दहाव्याच्या जागी ते जास्तच थांबले.

परतताना ओढा ओलांडल्यावर
थीदाच्या लक्षात आलं: काका अनवाणी.
चपला तिथेच राहिल्या होत्या, चौथऱ्याखाली.
उजेड अजून होता, माकाराने वेग कमीही केला,
पण परत जाऊ असं कुणी म्हणालं नाही.

काकांनी पाय ट्रॉलीबाहेर सोडले होते,
त्यांवर तांबडी धूळ बसत होती.
कुंथिआ त्यांच्या मांडीवर पालथी पडून
खाली वाकून मोजत होती, मोठ्याने.
“दहा,” ती म्हणाली.
मग पुन्हा पहिल्यापासून.